त्या गोड पाण्यावरचा उतारा

अन्वर सरांना मी प्रथम पाहिलं ते आमच्या मुकुंदवाडीच्या घरात, संक्रांतीला. आमचे हे चिकलठाण्याच्या पॉलिस्टर कारखान्यात ऑपरेटर आणि सर तिथल्या प्रयोगशाळेचे प्रमुख. तिळगूळ देताना मी विचारलं, "साहेब, या पॉलिस्टरच्या साडीचा कापूस पिकतो तरी कुठं?" सगळे हसले, सर हसले नाहीत. पुढच्या खेपेला ते काचेच्या दोन बंद बाटल्या घेऊन आले. एकीत पिठीसाखरेसारखी भुकटी, दुसरीत पाण्यासारखं काहीतरी. म्हणाले, "वहिनी, हे इथिलीन ग्लायकॉल. याचं आणि या भुकटीचं लग्न लावलं, की तुमच्या साडीचा धागा." मी मॅट्रिक झालेली बाई. न विटणारी, इस्त्री न मागणारी साडी त्या पाण्यातून निघते, याचं नवल मला आजही वाटतं.

सरांच्या पंचाहत्तरीच्या या अंकात त्यांच्या शास्त्राबद्दल जाणकार लिहितीलच. मी लिहिणार आहे ते एका दुपारचं.

त्या उन्हाळ्यात नळाला पाणी नव्हतं. गल्लीतले सगळेच भंगारवाल्याकडून कारखान्याचे रिकामे कॅन पाणी साठवायला घेत. माझ्या सासऱ्यांनी, बाबांनीही एक आणला. तळाशी थोडं पाणी राहिलं होतं. बोट बुडवून चाखलं तर गोड. त्यांना वाटलं, साखरेचा पाक. गोडाचं काही फेकून देणं बाबांच्या रक्तात नव्हतं. लिंबू पिळून त्यांनी सरबत केलं, स्वतः प्याले आणि देवळात गेलेल्या सुनेसाठी एक पेला झाकून ठेवला.

मी आले तर बाबा ओट्यावर 'कॅनातल्या पाकाचं सरबत हाय, पी' असं बरळत बसलेले, उठायला गेले की तोल जाई. बाबा माळकरी, दारूच्या वासालाही न थांबणारे. शेजारच्या गंगूबाई कुजबुजल्या, "अगं बाई, बुवांनी आज घेतली का काय?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तेवढ्यात ह्यांना सोडायला सर स्कूटरवरून आले. पाहुण्यांपुढं करायला दुसरं काही नव्हतं, मी तो झाकलेला पेलाच त्यांच्या हाती दिला. सरांनी तो तोंडापर्यंत नेला आणि त्यांची नजर कोपऱ्यातल्या कॅनवर गेली.

"वहिनी, सरबत कशाचं?"

मी कॅनकडं बोट केलं. सरांनी पेला खाली ठेवला. "कुणी हात लावू नका. रिक्षा बोलवा."

दवाखान्यात सरांनी पोटात ते साडीच्या धाग्याचं इथिलीन ग्लायकॉल गेलंय हे सांगताच डॉक्टर म्हणाले, "यावर उतारा अल्कोहोलच. आमच्याकडचं इंजेक्शन संपलंय. बाटलीतली आणा, मोजून तोंडानं देऊ. नाहीतर मूत्रपिंडं जातील."

आमचे हे बाबांना धरून होते. सर गेले. एकही नमाज न चुकवणारे सर, दारूच्या दुकानात. त्यांच्याच मोहल्ल्यातल्या दोघांनी त्यांना तिथं पाहिलं.

बाटली बघून बाबा शुद्धीवर आल्यासारखे ओरडले, "मरंन, पन शिवणार नाय! गळ्यात माळ हाय!"

सर खाटेवर बसले. "बाबा, मी पण आजवर शिवलो नव्हतो. शरीर या दारूच्या मागं लागलं, की ते गोड जहर काही न करता निघून जातं. दवा समझके पी लो. इसका गुनाह मेरे नाम पे."

बाबा त्या अवस्थेतही हसले. "लई हुशार हायस की! पुण्य बी तुझं आन् पाप बी तुझं. मंग मी हितं कशाला आलो? आर्धं माझ्या नावावर राहू दे." त्यांनी माळ काढली. "ही धर तेवढी." सरांनी ती रुमालात गुंडाळून छातीजवळच्या खिशात ठेवली. बाबांनी घोट घेतला, तोंड वाकडं केलं. "थू! ह्याच्यापायी लोक वावरं इकत्यात व्हय?"

डॉक्टरांनी सांगितलं तसं सर मापानं पाजत राहिले. नमाजाची वेळ झाली की हात स्वच्छ धुवायचे, व्हरांड्यात रुमाल अंथरून नमाज पढायचे, आणि परत येऊन तीच बाटली उचलायचे. मी जन्मभर सोवळं पाळत आले. सोवळं म्हणतात ते काय, हे मला त्या व्हरांड्यात दिसलं.

बाबा वाचले. माळ परत गळ्यात घालायची वेळ आली तेव्हा त्यांनी ती सरांच्याच हातून घेतली.

पुढं सरांनी कारखान्यात हट्टच धरला, भोक पाडल्याशिवाय एकही कॅन भंगारात जाणार नाही. साहेब लोक म्हणाले, भाव कमी येईल. सर म्हणाले, येऊ द्या. कितीतरी दिवस ते स्वतः उन्हात उभे राहून भोकं पाडून घेत.

मोहल्ल्यात मात्र काहींनी त्यांना सलाम करणं सोडलं. बाबा तिथं जाऊन सगळं सांगायला निघाले होते. सरांनी अडवलं. "दवा होती बाबा. त्यात सांगायचं काय?" बाबा गप्प बसले, आम्हीही बसलो. आज बाबा नाहीत. सर रागावले तरी चालेल, पण ते त्या दुकानात का गेले होते, हे मी या अंकात सर्वांसमक्ष लिहून ठेवते.

बाबा रोज पूजेला बसले की विठ्ठलापाशी सरांसाठी निरोगी, भरपूर आयुष्य मागत. ते मागणं आता माझ्याकडं आलंय, आणि त्यात खंड नाही. सरांच्या अल्लापाशी कसं मागतात ते मला येत नाही. मोहल्ल्यातल्या ज्यांना येतं, त्यांनी ते आता मागावं.