खडेबाजारातलं पाण्याचं दुखणं

दवाखान्यातले किस्से साठतात कसे, सांगू? आजारी माणूस खोटं बोलायला लागला की किस्सा तयार होतो. आणि गडीमाणसाला लघवीची जळजळ सुरू झाली की तो जेवढं खोटं बोलतो, तेवढं कोर्टात शपथेवरसुद्धा कुणी बोलत नसेल!

मी बेळगावात, खडेबाजारात, एका डॉक्टरांकडं कंपाउंडर होतो. इंग्रजांचं राज्य होतं तेव्हाची गोष्ट. आमचे डॉक्टर बोलायचे कमी, हसायचे त्याहून कमी. पण पुरुषांच्या या दुखण्यात त्यांचा हात धरणारा जवळपास कुणी नव्हता. निपाणीपासून खानापूरपर्यंतचे गडी यायचे. आराम पडला की औषध सोडायचे आणि थोड्या महिन्यांनी कळवळत पुन्हा दारात! बरं, दुखण्याचं नाव घ्यायची चोरी. बाकावर बायाबापड्या बसलेल्या असायच्या ना. मग कुणी 'खालचं' म्हणायचा, कुणी 'पाण्याचं'. एक वकील तर माझ्या कानाला लागून म्हणाले, "प्रकरण जरा नाजूक आहे. तारीख लवकरची द्या!"

* * *

कंग्राळीचे मल्लाप्पा म्हणून एक शेतकरी होते. मिशा अशा, की बघणाऱ्यानं वाट सोडावी. ते आले आणि डॉक्टरांपुढं उभेच राहिले.

"काय होतंय?"

"मला काय न्हाय वो. बैलाला उन्हाळी लागलीया. थेंब थेंब हुतंय, आन् लई आग हुतीया म्हणतोय."

"बैल म्हणतोय?"

मल्लाप्पा छताकडं बघायला लागले. डॉक्टरांच्या चेहऱ्यावरची रेषा हलली नाही.

"वय काय बैलाचं?"

"असंल की पन्नाशीचा."

"थंडी वाजून ताप येतो?"

"येतोय की! वाकळ घेऊन पडतोय."

डॉक्टरांनी मिक्श्चर लिहून दिलं. "सातूचं पाणी भरपूर पाजा. चहा, तिखट बंद. आणि बरं वाटलं म्हणून औषध मध्येच सोडायचं नाही, दुखणं उलटतं. सांगा बैलाला."

"सांगतो!" म्हणून मल्लाप्पा खुशीत गेले.

आठवडाभरानं त्यांच्या घरधनीणबाई घामाघूम होऊन आल्या. "डॉक्टरसाब, आमच्या मालकांस्नी याड लागलंय! बैलाचं औषध आणलंय म्हणत्यात, आन् गोठ्याच्या मागं जाऊन सोताच पित्यात!"

डॉक्टरांनी शांतपणे विचारलं, "बैल कसा आहे?"

"बैलाला काय धाड भरलीया? झ्याक हाय त्यो!"

"मग औषध लागू पडतंय. पिऊ द्या त्यांना."

* * *

निपाणीचे एक तंबाखूचे व्यापारी होते. सगळे त्यांना अण्णा म्हणायचे. पांढरंशुभ्र धोतर, रेशमी रुमाल आणि घरात कायम पाहुणा असावा तसं हे दुखणं. गेलं म्हणेपर्यंत परत यायचं. शेवटी डॉक्टरांनी सांगितलं, "सकाळची पहिली लघवी स्वच्छ बाटलीतून आणा. तपासल्याशिवाय आता औषध नाही."

अण्णांनी बाटली आणली. बाटली कसली, नक्षीची कुपी होती ती! वर रेशमी दोरा बांधलेला.

मी टेस्ट ट्यूबमध्ये थोडं सॅम्पल घेतलं आणि स्पिरिटच्या दिव्यावर धरलं. जरा उकळी आली मात्र, सगळ्या दवाखान्यात केवड्याचा घमघमाट! बाकावरच्या एका आजीनं वास घेतला आणि शेजारणीला विचारलं, "आत लगीन हाय काय गं?"

डॉक्टर बाहेर आले. अण्णा मान खाली घालून म्हणाले, "तुम्ही एवढे शिकलेले. तुमच्या टेबलावर घाण वास कसा ठेवायचा? म्हणून वाईच अत्तर घातलं."

"अण्णा," डॉक्टर म्हणाले, "तुमच्या केवड्याची तब्येत उत्तम आहे. आता तुमची आणा!"

* * *

त्या काळात निळ्या गोळ्या असायच्या. त्या घेतल्या की लघवी निळीहिरवी व्हायची. प्रत्येकाला आधी बजावून सांगायचं काम माझ्याकडं होतं, कारण न सांगता दिल्या तर माणूस देवऋष्याकडंच पळायचा!

शहापूरचे एक विणकर होते, रामण्णा. घरातच सूत रंगवायचे, हातमागावर लुगडी विणायचे. त्यांना मी नीट सांगितलं, "रंग दिसला तर भिऊ नका." त्यांनी मान हलवली आणि गोळ्या घेऊन गेले.

तिसऱ्या दिवशी दवाखाना उघडायच्या आधीच हजर! चेहरा गंभीर. हातात धोतराची घडी. मला वाटलं, घाबरलाय बिचारा.

"डॉक्टरसाब, आग थांबली. त्याचं न्हाय काय. ह्यो डाग बघा." त्यांनी धोतराचं टोक उजेडात धरलं. "बायकोनं सोड्यात उकळलं, दगडावर आपटलं. हलत न्हाय!"

"धोतराचं वाईट वाटलं," डॉक्टर म्हणाले.

"धोतर जाऊ दे वो! लढाई सुरू झाल्यापासनं बाजारात जर्मनीचा रंग न्हाय. माग बंद पडायची पाळी आलीया. ह्या गोळ्या घाऊक मिळत्यात काय?"

मी हसू दाबायला कपाटाकडं तोंड फिरवलं. डॉक्टर म्हणाले, "गोळ्या मिळतील. पण त्या पाण्यात कालवायच्या, की आधी तुम्ही खायच्या?"

रामण्णा खरोखर विचारात पडले!

* * *

आमच्याकडं एक हेडमास्तर यायचे. शाळेतून इतक्या वेळा दवाखान्यात, की पोरांना वाटायचं मास्तर डॉक्टरकी शिकतायत. त्यांच्या दुखण्याचं मूळ डॉक्टरांनी बरोबर काढलं. मास्तर दिवसभर पाणी प्यायचे नाहीत आणि लघवी दाबून धरायचे. वर्ग सोडून गेलं तर पोरं हसतील, ही भीती!

"दर तासाला उठायचं," डॉक्टरांनी दम भरला. "हसली तर हसू देत."

मास्तरांनी तोडगा काढला. तास संपला की हातात छडी घ्यायची, भुवया चढवायच्या आणि शाळेला वळसा घालून मागच्या बाजूला जायचं. मास्तर गस्तीला निघाले म्हणून पोरं चिडीचूप!

एकदा तपासणीला इन्स्पेक्टर आले. त्यांनी दिवसभर हे बघितलं आणि निघताना सगळ्या मास्तरांना गोळा करून म्हणाले, "तासातासाला जातीनं फेरी मारणारे हेडमास्तर मी पहिल्यांदाच बघतोय. इतर शिक्षकांनीही त्यांच्याबरोबर जावं!"

* * *

खानापूरकडचे दोघे भाऊबंद होते, भरमाण्णा आणि परशराम. दोघांचीही साठी उलटलेली. भरमाण्णाचं शेत वर, परशरामचं खाली. काही कारणानं बिनसलं आणि भरमाण्णानं बांध घालून ओढ्याचं पाणी अडवलं. खाली परशरामचं भात वाळलं. त्यानं दावा लावला. तेव्हापासून बोलणं बंद. लग्नाला जाणं नाही, मयताला जाणं नाही.

गंमत अशी, की दोघांनाही हेच दुखणं! कोर्टाच्या तारखेला आले की दोघेही आमच्याकडं यायचे, एकाच बाकाच्या दोन टोकांना बसायचे आणि वेगवेगळ्या भिंतींकडं बघायचे.

डॉक्टर परशरामला सांगून थकले होते. "मूत्राशयाखालची ग्रंथी वाढलीय. लघवी सगळी सुटत नाही, आत साठून नासते, म्हणून हे परत परत होतंय. ऑपरेशन करून घ्या. एक दिवस पुरती अडेल!"

"निकाल लागू दे," परशराम म्हणायचा.

एका तारखेला, भर दुपारी, दारात टांगा थांबला. भरमाण्णा परशरामला पाठीवर घेऊन आत आला. परशरामचं पोट नगाऱ्यासारखं तटतटलेलं, डोळे पांढरे. सकाळपासून थेंब नाही. कोर्टाच्या आवारात लोळत होता म्हणे.

"डॉक्टरसाब, बगा की वो! मरतोय ह्यो!"

बाकावरच्या एकानं विचारलं, "कोण लागत्यात तुमचं?"

"वैरी हाय माझा!" भरमाण्णा ओरडला. "सरक की बाजूला!"

आम्ही परशरामला पडद्याआड घेतलं. मी रबरी नळी उकळून दिली, खाली इनॅमलचं भांडं धरलं. डॉक्टर हळूहळू नळी सरकवत होते. परशराम आधी विव्हळत होता, मग तेही थांबलं. बाहेर भरमाण्णा बसायला तयार नव्हता. पडद्याच्या फटीतून त्याचा मुंडासं आवळून धरलेला हात तेवढा मला दिसत होता.

आणि भांड्यात धार पडली. पडतच राहिली. परशरामच्या डोळ्यांतूनही पाणी वाहायला लागलं.

बाहेरून आवाज आला, "परशा, सुटलं का रं पाणी?"

कितीतरी वर्षांनी तो त्याला हाक मारत होता. परशरामनं ओठांवरून जीभ फिरवली.

"सुटलं रं भरमाण्णा."

फटीतल्या हातातलं मुंडासं सैल झालं. मग भरमाण्णानं घसा खाकरला.

"बरं. मग ओढ्याचं मी बी सोडतो."