पोटखराबा राखणाऱ्या गयाक्का

आदरणीय गयाक्कांची पंचाहत्तरी साजरी होत असताना आधी कबूल केले पाहिजे, की आमची पहिली ओळख वादावादीतून झाली. लातूर नुकताच वेगळा जिल्हा झाला होता आणि पावसाने पाठ फिरवली होती. मी शेतकी खात्यातला नवशिका. डोक्यात नव्या जिल्ह्याची हवा. उदगीरकडच्या त्यांच्या शेताच्या सातबाऱ्यावर दोन एकर माळ ‘पोटखराबा’, म्हणजे लागवडीला अयोग्य, म्हणून लागलेला दिसला. तो नांगरून ज्वारी घ्या, असा हट्ट मी धरला.

“पोट कुणाचं खराब हाय, साहेब?” अक्का म्हणाल्या. “त्या गवतात तणमोर अंडी घालतंय.”

अखेर त्यांनी एक एकर दिला. ‘शिकलेला माणूस हाय, चुकायचा न्हाई,’ असे घरच्यांना समजावून दिला, हे मला मागाहून कळले.

ज्वारी करपून गेली. राखलेल्या एकराचे गवत मात्र गावाच्या कामी आले. बी झडल्याशिवाय अक्का विळा लावू देत नसत आणि ओढ्याकाठची पट्टी ‘पाखराचा वाटा’ म्हणून सोडत. बाकीच्या पेंढ्या त्यांनी घरोघर दिल्या. ज्या घरांनी या बौद्ध कुटुंबाच्या रांजणातले पाणी कधी घेतले नव्हते, त्यांनाही दिल्या. कुणी हटकले तर म्हणत, “गुरानं काय केलंय?”

नांगरलेला एकर त्यांनी पुन्हा गवताला सोडला. पवना, कुसळी ही गवते आणि बोरीची झुडपे परतली. तितर आले, ससे आले. तणमोर आला नाही. गवतातून उंच उसळून पुन्हा गवतातच बुडणारे ते काळे पाखरू मी एकदाच पाहिले होते, नांगरटीच्या आदल्या आठवड्यात. पाहूनही नांगर घातला. आज निवृत्तीनंतरही दर पावसाळ्यात मी त्या बांधावर जाऊन बसतो आणि जीव तुटतो.

एकदा धीर करून माफी मागितली. अक्का म्हणाल्या, “माफी कसली? भाकर खाऊन जावा. मी बी त्या पाखराची वाट बघूनच राहिले की.”

अक्कांना निरोगी, उदंड आयुष्य लाभो. या इच्छेत माझा स्वार्थ आहे, तो लपवत नाही. उद्या तणमोर परतलाच, तर त्याला आवाजावरून ओळखणारे या पंचक्रोशीत त्यांच्याशिवाय कोणी उरलेले नाही. आणि ‘आला, साहेब’ हे शब्द मला त्यांच्याच तोंडून ऐकायचे आहेत.