दोन बोटांची जागा

उंच केलेली गाडी रस्त्याने गेली की माणसं वळून बघतात, याचा मला भारी माज होता. श्रीवर्धनकडच्या किनाऱ्यावर वाळूत धावणाऱ्या कितीतरी पिकअप माझ्याच हातून उंच झाल्या होत्या. चारचौघांत मी तेच मिरवायचो. आता आठवलं की कान गरम होतात.

जवळच्या वाडीतले एक कोळी काका त्यांची जुनी पिकअप घेऊन आले. तिला बांधून ते होडी पाण्याबाहेर ओढत. मागचे शॉकअप कामातून गेले होते. "मिस्त्री, मजबूत टाक. वाळूत बसली न्हाय पायजे," एवढंच म्हणाले.

शॉकअप किती लांब घ्यायचा ते, ज्यांच्याकडे मी काम शिकलो त्या उस्तादांनी मला कानफटीत मारून शिकवलं होतं. गाडी जॅकवर उचलायची, चाक पुरतं लोंबू द्यायचं आणि माप घ्यायचं. मग गाडीच्या मागच्या हौद्यात जांभ्याचे चिरे भरत जायचं, ॲक्सल चासीखालच्या रबरी बफरला टेकेपर्यंत, आणि पुन्हा माप घ्यायचं. पूर्ण दाबलेला शॉकअप त्या दुसऱ्या मापात मावलाच पाहिजे. पहिलं माप पाच मिनिटांचं काम. दुसऱ्यासाठी चाळीसेक चिरे चढवा, परत उतरवा. इतकी वर्षं घासल्यावर आपल्याला नजरेनंच कळतं, कशाला कंबर मोडून घ्या, असं म्हणत मी सगळ्यात लांब शॉकअप बसवून टाकले. गाडी मात्र उंच, झकास दिसत होती.

उधाणाच्या दिवशी काकांनी होडी वर ओढायला घेतली. हौद्यात होडीचं इंजिन आणि भिजलेली जाळी, मागच्या हुकाला होडीचा भार. गाडी मागून खाली बसली. शॉकअपला दबायला जागाच उरली नाही. त्याने वरचं ब्रॅकेट फाडलं आणि सुटलेल्या टोकाने ब्रेकचा पाइप तोडला. ब्रेक गेलेली गाडी पुढे नेता येईना, ती उतारावरच अडकली, भरती चढत आली आणि होडी खडकावर आपटून तिच्या दोन फळ्या फुटल्या.

मी पोचलो आणि गाडीखाली वाकूनही न बघता सगळ्यांसमोर काकांवर डाफरलो, "काका, लोड किती घातलात? अशाने कुठलीही गाडी मोडेल."

"व्हय रे," काका म्हणाले. "चुकलंच माझं. इंजिन उतरवाय पायजे व्हतं."

दुसऱ्या दिवशी गॅरेजात मी मुकाट्याने चिरे भरले. शाबूत राहिलेल्या बाजूचा शॉकअप पुरता दाबला गेला, तरी ॲक्सल आणि बफरमध्ये दोन बोटांची जागा शिल्लक होती. म्हणजे शॉकअप तेवढाच जास्त लांब होता, बफरच्या आधी सगळा भार त्याच्यावरच आला होता. चूक माझी होती, सगळीच्या सगळी. मी योग्य मापाचे शॉकअप बसवले, पैसे घेतले नाहीत आणि तोंडही उघडलं नाही. काकांना तो माझा मोठेपणा वाटला. त्यांनी घरी पापलेटं आणून दिली. मी ती खाल्ली.

परवा दिघीहून येताना किनाऱ्यावर थांबलो. काका आणि काकी होडीचं इंजिन बांबूला टांगून वाळूतून वर नेत होते. रिकामी पिकअप बाजूलाच उभी होती.

"अहो, गाडीत ठेवा की," मी म्हणालो.

"न्हाय रे बाबा," काकी धापा टाकत म्हणाल्या. "तूच बोललास ना, लोड नको."

काकांचा खांदा सोललेला दिसत होता. मी पुढे होऊन काकींच्या बाजूचं टोक खांद्यावर घेतलं. वरपर्यंत चालत गेलो, आणि तेव्हाही काही बोललो नाही.