बुजलेल्या विहिरीचा बिंदू

नांदेडला जीआयएस, म्हणजे संगणकावर नकाशे करायला, शिकत होतो तेव्हाची गोष्ट. मुखेडजवळच्या एका गावात मी मोबाइलवर विहिरींच्या जागा नोंदवत होतो. शेळ्या राखणारी एक म्हातारी सोबत चालत राहिली. ज्वारीच्या रानात ती थांबली आणि तिनं चपला काढल्या.

“हितं बी विहीर हाय, घे.”

“आजी, इथं तर काहीच नाही.”

“बुजवली की. पर सारं गाव हितलंच पाणी पिऊन वाढलं. तुझ्या नकाशात आज हाय तेवढंच मावतं का रे?”

मी तो बिंदू घेतला. सरांनी खोडायला सांगितला, तेव्हा तो न खोडता नकाशात बुजलेल्या विहिरींचा वेगळा थर केला. आजही नव्या गावात गेलो की मी आधी म्हातारी माणसं शोधतो.