थर्झाबाईंच्या पेटीचं झाकण

वाळुंजाच्या झाडाचे लवचीक फोक भिजवून त्यांच्या शवपेट्या विणण्यात सॉमरसेटच्या त्या पाणथळ पट्ट्यात थर्झाबाई गुडिंगांचा हात कोणी धरू शकत नव्हतं. आणि तोंडाला तर कोणी लागतच नव्हतं. पॉलिश, पितळी कड्या, नायलॉनचं अस्तर ही थेरं मातीला पचत नाहीत, असं त्यांचं ठाम मत. वाळुंजाची पेटी कशी, माणसाबरोबर गुण्यागोविंदानं कुजते.

मेलेल्याच्या घरच्यांनी येऊन शेवटची ओळ स्वतः विणायची, ही तिथली रीत. बाई त्यांना बसवायच्या, चहा द्यायच्या, "छान, छान" म्हणायच्या. त्यांची गाडी पूल ओलांडून गेली रे गेली, की ती ओळ उसवून पुन्हा सरळ विणायच्या.

"अगं, रडत रडत विणलंय गं त्यांनी," त्यांचे यजमान मर्विनराव कळवळायचे.

"रडत विणलं म्हणून वीण सरळ होत नाही."

मर्विनरावांचा जन्म गाई पिळण्यात गेला होता. लग्नाआधी त्यांनी बाईंवर छाप पाडायला एक टोपली विणली होती. तिच्यात ठेवलेली अंडी एकेक करून खाली पडली. बाई हसत सुटल्या, लग्नाला होही म्हणाल्या, पण त्यानंतर त्यांनी नवऱ्याला फोकाला हात लावू दिला नाही.

सत्तरी उलटल्यावर बाईंनी स्वतःची पेटी विणायला घेतली. दुसऱ्या कोणाच्या ढिसाळ विणीत अनंतकाळ पडून राहायची त्यांची तयारी नव्हती. तळ झाला, बाजू झाल्या, आणि झाकणाच्या वेळी उजवं मनगट सुजून वांग्याएवढं झालं. झाडावरची सफरचंदं उतरेपर्यंत विणकाम बंद, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं. पुढेही हात पहिल्यासारखा चालेल याची खात्री नाही म्हणाल्या.

बाई पहिल्यांदाच घाबरल्या. जेवण जाईना. रोज शेडमध्ये जाऊन त्या उघड्या पेटीकडे बघत बसायच्या.

"पलीकडच्या गावची ग्वेंडा विणते ना? बोलावू तिला?" मर्विनरावांनी विचारलं.

"तिची वीण माझ्या अंगावर? त्यापेक्षा मी मरतच नाही."

"मग मी विणतो."

"तू?"

"उद्या काही झालं तर वर ताडपत्री टाकू का?"

तात्पुरतं विणायचं आणि मनगट बरं झालं की उसवायचं, या बोलीवर बाई राजी झाल्या. मग खुर्चीत बसून त्यांनी जो तोंडाचा पट्टा सोडला, तो रस्त्यावर ऐकू जायचा. "आवळ! अरे, गाईचं आचळ नाही ते! एक वर, एक खाली, देवा रे, दोन्ही वर कसे गेले?" मर्विनराव घाम पुसत विणत राहिले. बोटं सोलवटली तरी मागे हटले नाहीत. झाकण झालं, पण मधे फुगलेलं, कडेला वाकडं, आणि जागोजागी एवढाली भोकं.

सफरचंदं उतरली. मनगट बरंच सुधारलं. बाई सुरी घेऊन शेडमध्ये गेल्या, मागोमाग मर्विनराव, चेहरा पाडून.

"आधी मापाला बसतंय का ते बघू," बाई म्हणाल्या आणि चपला काढून सुरीसकट पेटीत जाऊन आडव्या झाल्या. "ठेव वरून."

मर्विनरावांनी झाकण ठेवलं. ते पहिल्याच फटक्यात बसलं, याचं त्यांनाच नवल वाटलं. आतून आवाज येईना. गुडघे टेकून ते झाकणावर वाकले.

"थर्झा? ए थर्झा! बरी आहेस ना?"

"भोकं आहेत."

"माहीत आहे गं."

"तोंडावर तर चांगलंच मोठं आहे."

"मग काढू का झाकण? उसवायला घेतेस?"

आत सुरी खाली ठेवल्याचा आवाज झाला.

"राहू दे. तू दिसतोस त्यातून."

नाक ओढत मर्विनराव तसेच वाकून राहिले.

"आणि दाढी करत जा रे," आतून आवाज आला. "मला हेच बघत पडायचंय."