मारुतीचा डोळा आणि माझा डोळा

मी पाथरवट. आयुष्यात मारुती किती घडवले त्याला गणती नाही, आणि खरं सांगायचं तर त्यामुळेच देवावर माझा फारसा भरवसा नव्हता. ज्याच्या छातीवर पाय देऊन नाक कोरलं, त्याच्याकडे मागायचं तरी काय? त्यातून मला प्यायची सवय. प्यालो की हात स्थिर होतो, असं मी बायकोला इतक्यांदा सांगितलं होतं की शेवटी मलाच ते पटलं होतं.

दुसऱ्या मोठ्या लढाईचे दिवस होते. राजूरच्या वरच्या अंगाला एका गावात मारुतीचं काम लागलं. मूर्ती झाली, डोळे तेवढे राहिले. डोळे शेवटी उघडायचे आणि त्या दिवशी कारागिरानं उपास धरायचा, ही आमची रीत. गुरवानं सकाळीच बजावलं, "उपास हाय, ध्यानात हाय ना?" मी म्हटलं, "व्हय तर."

आता माझी अक्कल बघा. त्या भागात दारू मोहाची. मोह म्हणजे फुलं, आणि फुलं तर आपण देवालाच वाहतो. वर त्यात पडतो गूळ, तोही उपासाला चालतो. मग उपास मोडला कुठं? असा धर्मशास्त्राचा निकाल लावून मी दोन पेले रिचवले आणि कामाला बसलो.

डोळा कोरताना पाथरवट तोंड बाजूला ठेवतो, कपची उडाली तर गालावर बसावी म्हणून. मी मात्र देवाच्या नाकाला नाक लावलं होतं. तिसऱ्याच घावाला कपची उडाली ती थेट माझ्या डाव्या डोळ्यात. देवाचा उघडायच्या आधी माझा मिटला.

नशा जागच्या जागी उतरली. एका डोळ्याच्या पाथरवटाला कोण काम देणार? घरी तीन लेकरं. दवाखाना कोसावर, तोही डोंगर उतरून. मी त्या अर्धवट दगडाचेच पाय धरले आणि लहान पोरासारखा रडलो. "बाबा, तेवढा डोळा राहू दे," एवढंच म्हणत होतो.

माझी बोंब ऐकून गाव भोवती गोळा झालं. तेवढ्यात बाजाराला निघालेली एक म्हातारी थांबली. हिरड्याची पाटी खाली ठेवून म्हणाली, "सरा. डोळ्यातलं कुसळ जिभेनं काडते मी. धरा ह्याची पापनी." ती वाकली आणि तशीच नाकाला पदर लावून मागं झाली.

"आगं बया, ह्यो तर पिऊन हाय."

सगळं गाव माझ्याकडे बघू लागलं. गुरवाचं तोंड पाहण्यासारखं होतं. मी म्हटलं, "आजी, फुलांचीच हाय."

"तोंड मीट. दम धर."

मी दम धरला. जीभ एकदाच फिरली आणि बाजरीच्या दाण्याहून बारीक कपची तिच्या तळहातावर आली. पाटी उचलून ती वाटेला लागली. ती कुठली, हे गावात कुणालाच सांगता आलं नाही. ज्याला त्याला ती पलीकडच्या वाडीची वाटली. मी त्यावर वाद घालत नाही.

गुरवानं आठ दिवस मूर्तीला हात लावू दिला नाही. नवव्या दिवशी खरा उपास धरून बसलो, तर हात लटलट कापत होता. म्हटलं, मारुतीराया, माझ्या हातात काही राहिलं नाही, आता तूच चालव. संध्याकाळपर्यंत दोन्ही डोळे उघडले. उघडल्यावर त्यानं पहिलं पाहिलं ते मलाच, आणि एवढे मारुती घडवून त्या दिवशी पहिल्यांदा मी काही न मागता त्याच्या पाया पडलो.