आबांच्या ग्रहावरची सावली

आबा शिपाई होते, पण साहेबांच्या केबिनबाहेरच्या स्टुलावर बसून ते एक अख्खा ग्रह चालवत. रत्नागिरीतल्या आमच्या सरकारी कार्यालयात साहेब आले, गेले, संगणक आले; आबांचा ग्रह रोज चहाच्या वेळी थोडा थोडा पुढे सरकायचा.

ग्रह सगळा कातळाचा. झाड नाही, छप्पर नाही. सावली असेल ती माणसांचीच, आणि तिच्यावरच तिथला समाज उभा. चौथ्या वर्गाने उन्हाच्या तोंडावर उभं राहायचं, त्यांच्या सावलीत तिसऱ्याने, त्यांच्या मागे दुसऱ्याने, आणि तिघांच्या सावलीत पहिला वर्ग गार बसायचा. "आणि सूर्य डोक्यावर आला की?" टायपिस्ट बाईंनी विचारलं. "तेव्हा सावली पायाखाली जाते. सगळे सारखेच भाजतात," आबा म्हणाले. "म्हणून पहिल्या वर्गानं परिपत्रक काढलान. दुपारचे बारा रद्द. घड्याळ पावणेबारावरून थेट सव्वाबारावर. मधे कोण भाजला तर त्याची नोंद नाय."

कधी कधी कपबश्या गोळा करताना ते सहज बोलून जात. "आमच्या आज्याची सावली गावात कोणाला चालत नव्हती. अंगावर पडली तर माणूस आंघोळ करी. तिथं तीच सावली रांग लावून मागतात." आम्ही हसायचो. त्यात हसण्यासारखं काय होतं, ते आम्हांला कोणी विचारलं नाही.

मग प्रत्येकाला आपला वर्ग कळायला हवा झाला. हेडक्लार्कना तिसरा मिळाला. दुसऱ्या दिवशी त्यांनी चक्क लेखी अर्ज दिला: सेवाज्येष्ठता पाहता दुसऱ्या वर्गात समावेश व्हावा. सोबत ज्येष्ठता यादी जोडलेली. आबांनी तो अदबीने घेतला. "सध्या जागा रिकामी नाय, साहेब. झाली की कळवतो." पुढचा महिनाभर हेडक्लार्क रोज त्यांना स्वतःच्या डब्यातला आंबोळीचा तुकडा देत होते.

मी विचारलं नव्हतं. आबांनीच सांगितलं, "भाऊसाहेब चौथ्यात."

"का ओ?"

"उंच आहात. तुमच्या मागं माणूस निवांत बसेल."

टायपिस्ट बाईंना ठसका लागला. मीही हसलो. घरी जाऊन जेवलो नाही. नसलेल्या ग्रहावरच्या नसलेल्या उन्हात मला उभं केलं होतं, आणि उभं करणारा शिपाई होता. हे खरं कारण. बायकोलासुद्धा कधी सांगितलं नाही.

साहेबांच्या कानावर ग्रह गेला. त्यांना पहिला वर्ग मिळाला होता, पण रद्द झालेल्या बाराची गोष्ट त्यांना झोंबली. त्यांनी माझ्याकडे टिपणी मागितली. दोन ओळींत भागलं असतं. मी पानभर लिहिलं: "सदर कर्मचारी काल्पनिक वर्गवारी रचून कार्यालयात असंतोष पसरवीत असल्याचे निदर्शनास येते." 'निदर्शनास येते'खाली रेघही मारली. आबांची बदली दापोलीला झाली.

आबांच्या पत्नीचं डायलिसिस रत्नागिरीत, आठवड्यातून तीनदा. घरात दुसरं माणूस नाही. हे मला माहीत होतं. त्यांच्या रजेचे अर्ज माझ्याच टेबलावरून जात. दापोलीला रेल्वे नाही, एसटीने जाऊन-येऊन दिवस संपतो. कार्यालयात हळहळ झाली. हेडक्लार्क जास्त हळहळले, कारण त्यांचा अर्ज प्रलंबित राहिला.

पंधरवड्याने आबा आले, माझ्यासमोर बसले. आधी कधी बसले नव्हते.

"भाऊसाहेब, स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज लिहून द्या. हिला सोडून मला तिकडं राहता येणार नाय. तुमच्यासारखा मसुदा इथं कोणाचा नाय."

त्यांच्या निवृत्तीला दोन वर्षं होती. मी 'कौटुंबिक कारणास्तव' असं सुरू करून नीट लिहिलं. आबांनी चष्मा लावून दोनदा वाचलं.

"बरा झालाय," ते म्हणाले. "पण त्या टिपणीतलं मराठी याच्यापेक्षा चांगलं होतं."

मग सावकाश सही केली. माफी मागायला मी तोंड उघडलं आणि म्हणालो, "आबा, तारीख राहिली."